मशीन बैठकीत, नात मागच्या खोलीत

अमळनेर,
संक्रांतीनंतरचा पहिला सोमवार

रा. रा. हिलालनाना, धुळे, यांना,

अमळनेरहून तुमचे व्याही प्रेमराज यांचा वाकून रामराम. आम्ही इथे सगळे ठणठणीत आहोत आणि तुमचीही तब्येत उत्तम असल्याचं विहीणबाई रोज फोनवर कळवतात. तुम्ही स्वतः काही कळवत नाही. मी फोन लावला की दोन घंट्या वाजतात आणि मग तुम्ही तो कापता (कापता, हे मला कळतं; गाडी आपोआप बंद पडली की ड्रायव्हरनं मुद्दाम बंद केली हे ओळखण्यात माझी उभी नोकरी गेली). म्हणून शेवटी कागद घेतला. कागद कापता येत नाही. फाडता येतो, पण तुम्ही वाचल्याशिवाय फाडणार नाही, एवढी तुमची ओळख मला आहे. गुडघा कसा आहे? थंडी फार पडली आहे, तिळाचं तेल कोमट करून चोळत जा.

नाना, तुमचा राग मला समजतो. माणूस व्याह्यासाठी शेवभाजीची जाड शेव आणायला बाहेर पडतो, परत येतो, तर दारात त्याच्या मुलीची बॅग, मुलीच्या कडेवर नात, आणि बॅगेचा पट्टा धरून व्याही उभा! वरून बैठकीतलं मशीनही जागेवर नाही. तुम्हाला वाटलं, मी दोन्ही लांबवली. तुम्ही शेवेचा पुडा ओट्यावर ठेवलात आणि जेवलाही नाहीत. मीही जेवलो नाही (हे तुम्हाला माहीत नसेल. ती शेव तशीच राहिली याचं मला अजून वाईट वाटतं). पण तुम्ही शेव आणायला गेल्यापासून परत येईपर्यंत घरात काय घडलं, ते तुम्हाला आजवर कुणी सांगितलं नाही. सांगायचं नाही अशी विहीणबाईंनी आम्हाला शपथ घातली होती. काल त्यांनीच ती सुटली म्हणून सांगितलं. म्हणाल्या, "माझ्या तोंडानं मला सांगवत नाही, भाऊ. तुम्हीच लिहा." तेव्हा आता सगळं पहिल्यापासून सांगतो, आणि मधे फोन नसल्यामुळे तुम्हाला मला अडवता येणार नाही, याचा मला फार आनंद आहे.

सुरुवात तुमच्या अटीपासून. मोहिनीचं बारसं झालं, तिसरा महिना सरला, आणि रीतीप्रमाणे मी आमच्या सुनेला, म्हणजे तुमच्या मेघाला, घरी आणायचा दिवस विचारला. तुम्ही म्हणालात, पोरीला खोकला आहे, डॉक्टरांनी धूळ आणि धूर यांपासून जपायला सांगितलं आहे, आणि तुमचं अमळनेर म्हणजे कापसाचं गाव, जिनिंग सुरू झाली की हवेत सगळा फुफाटा. आम्ही घरात हवा साफ करायचं मशीन घेतलं आहे, त्यावर आकडा येतो, आमचा आकडा दहाच्या पुढे जात नाही. तुमच्या घरातला आकडा पंचवीसच्या आत आला की नातीला न्या. त्यानंतर रोज सकाळी तुमच्या मशीनचा फोटो माझ्या मोबाइलवर यायला लागला. हिरवा दिवा, आठ. हिरवा दिवा, सात. सोबत दोन जोडलेले हात. नाना, मी अमळनेर डेपोत वाहतूक नियंत्रक होतो. धुळ्याच्या गाडीनं माझ्या फलाटावर उभं राहून माझ्याच डेपोला नावं ठेवायची आणि मी गप्प बसायचं? माझा मुलगा भूषण म्हणाला, "बाबा, जाऊ द्या, महिनाभरानं आणू." त्याला काय, तो रविवारी धुळ्याला जाऊन पोरीला भेटून येतो. मी तिला बारशाच्या गर्दीत जेमतेम हातात घेतली होती, तीही तुमच्या मावसभावानं फोटो काढून होताच काढून घेतली. मला माझी नात माझ्या घरात हवी होती. सरळ बोलतो.

तर मी जळगावला जाऊन मशीन आणलं. एसटीनं, मांडीवर ठेवून (डिकीत टाकू दिलं नाही, डिकीत काय काय होतं हे मला ठाऊक आहे). शेजारच्या बाईंनी एरंडोलपर्यंत तीनदा विचारलं की हा कूलर इतका लहान कसा. घरी आणल्यावर आमच्या सौ.नं, सुलक्षणानं, रीतसर दाराशी थांबवून त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि चार उदबत्त्या पेटवून थेट त्याच्या तोंडासमोर लावल्या. मी बटण दाबलं. मशीननं एक खोल श्वास घेतला, आणि दिवा लालभडक! आकडा दोनशेच्या वर. पंखा असा घोंगावला की गल्लीतली माणसं बघायला आली. सुलक्षणा हात जोडून म्हणाली, "आते हवाले बी निवद दाखाडू का?" मी उदबत्त्या विझवल्या, खिडक्या उघडल्या, वाट पाहिली. आकडा हळूहळू शंभरावर आला आणि तिथेच रुतून बसला. पंचवीस कुठे आणि शंभर कुठे!

मग मी घरात कडक शिस्त लावली. झाडूबंदी, फरशी फक्त ओल्या फडक्यानं पुसायची. फोडणीबंदी, म्हणजे डाळ उकडलेली, भाजी उकडलेली, आणि मिरचीचा ठेचा थेट हद्दपार. चपला अंगणात. भूषणनं मोटारसायकल गल्लीच्या तोंडाशी बंद करून ढकलत आणायची. शेजारच्या उखर्डूनं कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजायला घेतली, तर मी भिंतीवरून त्याला म्हणालो की यंदाचं भरीत गॅसवर कर. नाना, खानदेशातल्या माणसाला थंडीच्या दिवसात असं सांगणं म्हणजे काय, ते तुम्हीच समजा. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याला भरितासोबत कणकेऐवजी साबुदाण्याच्या पुऱ्या करायला सांगितल्या. आता तो माझ्याशी बोलत नाही. म्हणजे सध्या माझ्याशी न बोलणारे तुम्ही दोघं. आणि एवढं करून आकडा? नव्वद. शहाण्णव. एकदा तर सगळे झोपलेले, हवा गप्प, घरात कुणाची हालचाल नाही, तरी एकशेदोन. तुमचा सकाळचा फोटो: हिरवा दिवा, सहा. जोडलेले हात.

मी हरलो होतो, हे तुमच्यापाशी कबूल करतो. दुकानदाराला शिव्या घालणारं मोठं भाषण मी मनात तयार केलं होतं. तेवढ्यात सुलक्षणा मशीन पुसायला म्हणून त्याच्या मागे गेली (तिला समोरून पुसून समाधान होत नाही, टीव्हीसुद्धा ती मागून पुसते), तिनं मागची जाळी ओढून काढली आणि आतून आवाज आला, "अहो, हाई थैली काब्र ठेवेल शे आठे?" मी वाकून पाहिलं. आतल्या जाड पांढऱ्या फिल्टरला कारखान्यानं घातलेली प्लॅस्टिकची पिशवी जशीच्या तशी! इतके दिवस मशीन तोंड बांधून श्वास घेत होतं, आणि मी घरादाराला उकडलेलं खायला घालत होतो.  सुलक्षणानं पिशवी काढली, घडी घातली, आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन मोहरीची फोडणी दिली. ती फोडणी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेली असेल.

त्यानंतर मी चष्मा लावून मशीनबरोबरचं पुस्तक पहिल्यांदा वाचलं, आणि नाना, ते मशीन म्हणजे साधी गोष्ट आहे हो! आत पंखा आहे, तो खोलीतली हवा मागून ओढतो. आधी एक जाळी लागते, तिच्यात कापसाचा तंतू, केस, मोठी धूळ अडकते. त्याच्यामागे नववारीच्या निऱ्यांसारखा घड्या घातलेला कागद; तो मऊ बारीक तंतूंचा असतो, त्यात डोळ्यांना न दिसणारी धूळ आणि धुराचे कण चिकटून बसतात. गाळलेली हवा वरून बाहेर पडते, आणि हे चक्र चालूच राहतं, त्यामुळे तीच हवा पुन्हा पुन्हा गाळून खोली हळूहळू साफ होते. आकडा सांगतो तो वेगळा बारीक डोळा. आतल्या उजेडात किती कण तरंगतात ते मोजतो. नवीन हवा ते तयार करत नाही, दारं उघडी असली तर बाहेरची धूळ येतच राहते, आणि (हे वाक्य मी पुस्तकात पेन्सिलीनं अधोरेखित केलं, कारण पुढे ते कामाला आलं) ते ज्या खोलीत असतं तेवढीच खोली साफ करतं. भिंतीपलीकडची नाही. पुढचं सांगायला नकोच. दारं लावली, मशीन सुरू केलं, आणि चहा संपायच्या आत दिवा लालचा पिवळा, पिवळ्याचा हिरवा. एकवीस. सतरा. अकरा! मी भूषणला मिठी मारली (तो घाबरला). त्याच दिवशी पलीकडे उखर्डूच्या पऱ्हाट्या भडाभडा पेटल्या होत्या, तरी घरात तेरा. मी तुम्हाला फोटो पाठवला. तुम्ही साधा अंगठासुद्धा दाखवला नाहीत.

आणि मग मी नातीला न्यायला धुळ्याला आलो. तुम्ही मला बैठकीत बसवलंत, तुमचं मशीन दाखवलंत. शोकेसशेजारी, येणाऱ्याला पहिल्यांदा तेच दिसेल असं, खाली विणलेला रुमाल घालून ठेवलेलं. हिरवा दिवा, सात. मी म्हणालो, माझंही पंचवीसच्या आत आहे, फोटो बघा. तुम्ही म्हणालात, "बघू, आधी जेवा तर खरं," आणि शेव आणायला निघालात. तुम्हाला शेव पारखायला वेळ लागतो हे सगळ्या धुळ्याला माहीत आहे. मी बसलो. आणि मला ऐकू आलं. मागच्या खोलीतून. खोक, खोक, मग रडणं, मग परत खोक. एवढ्याशा छातीतून येणारा तसा खोकला ऐकवत नाही हो. मी विहीणबाईंना विचारलं, पोरगी अजून खोकते का? त्या पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि मशीनकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मशीनवर तं हिरवा दिवा शे, मंग पोरले खोकला कसाना?" म्हणजे त्या मलाच विचारत होत्या.

नाना, बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं असं जाऊ नये हे मला कळतं. पण मी मशीनचा प्लग काढला, रुमालासकट ते उचललं, आणि दाराशी जाऊन खाकरून मेघाला म्हणालो, "पोरी, मी येऊ का?" आत गेलो. नुकतंच मोहिनीचं न्हाणं झालेलं. बाजेखाली शेगडी. शेगडीत गोवरीचे निखारे, त्यावर ओवा, धूप, लसणाची सालं. वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटीत जुन्या लुगड्याच्या चिंध्या ठासलेल्या. खोलीत धूर इतका की मेघाचं तोंड धूसर दिसत होतं, आणि त्या धुरात माझी नात खोकत होती. मी मशीन कोपऱ्यात लावलं. सात. क्षणभर सातच. मग तीस, नव्वद, दीडशे, आणि तीनशेच्या पुढे जाऊन दिवा असा लाल झाला की सगळी खोली लाल दिसली. पंख्यानं एवढी बोंब मारली की मोहिनी रडायची थांबून त्याच्याकडे टकामका बघायला लागली.

 विहीणबाई आकड्याकडे बघत खालीच बसल्या. आजी-पणजीपासून चालत आलेली धुरी, अंग शेकावं म्हणून, पोराला सर्दी होऊ नये म्हणून. आणि पोर खोकतं म्हणून त्या रोज एक मूठ ओवा जास्त टाकत होत्या. धूर म्हणून खोकला, खोकला म्हणून धूर. त्या म्हणाल्या, "मीच पोरले धूर पाजी राहिंतू का वं माय?" आणि पदर तोंडाला लावला. मला त्यांचं इतकं वाईट वाटलं की जिंकलो हे लक्षातच आलं नाही. मी म्हणालो, विहीणबाई, मलाही माझ्या आईनं अशीच धुरी दिली, सुलक्षणानं भूषणला दिली, आणि मोहिनी आमच्याकडे जन्मली असती तर आज शेगडी आमच्या घरात असती. आणि ते खरंच आहे. शेगडी मी स्वतः अंगणात नेली (चटका बसला, फोड अजून आहे). चिंध्या काढून खिडकी उघडली, धूर जाऊ दिला, मग खिडकी लावून मशीन जोरात सोडलं. आकडा उतरत गेला. मेघानं पोरीला पाजलं. दिवा हिरवा झाला तेव्हा मोहिनी झोपली होती, तोंड उघडं टाकून, न खोकता. मेघाला हुंदका आला. म्हणाली, "बाबा, मला घरी न्या. मला कितीदा वाटलं धूर बंद करावा, पण आईला म्हणवलं नाही." आणि विहीणबाईच उठून बॅग भरायला लागल्या. नानांना सांगू नका म्हणाल्या, त्यांनी एवढ्या हौसेनं मशीन आणलं, पाहुण्यांना दिसावं म्हणून बैठकीत मांडलं, त्यांना फार लागेल. तेवढ्यात तुम्ही शेव घेऊन आलात.

तर मी काही चोरलं नाही, नाना. मशीन मागच्या खोलीत आहे. आणि नात माझ्या घरात आहे! आता हे मला जरा मोठ्यानं म्हणू द्या. ज्या अमळनेरच्या फुफाट्याला तुम्ही नावं ठेवलीत, त्या अमळनेरात पोरीचा खोकला गेला. पूर्ण गेला. परवा इथल्या डॉक्टरांनी नळी लावून छाती ऐकली आणि म्हणाले, स्वच्छ. मी त्यांना पुन्हा ऐकायला लावलं, पुन्हा स्वच्छ. मी डेपोबाहेरच्या टपरीवर सगळ्या निवृत्त मंडळींना चहा पाजला, फिल्टरच्या निऱ्या हातवारे करून समजावल्या, आणि ज्यांना समजल्या नाहीत त्यांनाही चहा पाजला. मोहिनीच्या खोलीत आकडा नऊच्या वर जात नाही. गरम पाण्याचा शेक देतो, तेल लावतो, धुरी नाही. ती हसते, नाना. आवाज काढून हसते. तुमच्यावरचा माझा विजय मी इथे जाहीर करतो आणि तो विहीणबाईंच्या चरणी ठेवतो, कारण आपली चूक कळताच बॅग भरायला उठलेलं त्या घरातलं पहिलं माणूस त्या होत्या.

लहानांना आशीर्वाद, विहीणबाईंना सुलक्षणाचा नमस्कार. राग गेला असेल तर फोन उचला. गेला नसेल तरी उचला, मी फक्त पोरीचा खोकला ऐकवीन, जो आता नाही.

तुमचा व्याही,
प्रेमराज

ता. क. तुमच्या मशीनची मागची जाळी काढून धुळीचा थर एकदा बघा. धुरीचा रंग बसला असेल. जाळी पाण्यानं धुता येते. निऱ्यांचा कागद धुऊ नका, तो बदलावा लागतो.

ता. क. दुसरा. मशीनमधला एक थर वर सांगायचा राहिला. निऱ्यांच्या मागे कोळशाचा एक पत्रा असतो, तो हवेतला वास खातो. फोडणीचा, तेलाचा, सगळ्याचा. हे आत्ता लिहायचं कारण असं की मोहिनी दिवसभर हसते, पण तिन्हीसांज झाली की जी रडायला लागते ती कुणाचंच ऐकत नाही. दूध नको, झोळी नको, मी नको. (मी तर अजिबात नको, मी घेतलं की जास्त.) आकडा नऊ, दिवा हिरवागार, आणि पोरगी लालबुंद. चार दिवस आम्ही सगळे वेड्यासारखे फिरतो आहोत. काल शेवटी मेघा रडकुंडीला येऊन म्हणाली, तिकडे या वेळेला नाना तिला खांद्यावर टाकून ओट्यावर फिरवायचे, आणि ती त्यांच्या उपरण्यात नाक खुपसून झोपायची. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तर नाना, एवढी एक विनंती आहे, आणि खरं सांगायचं तर हे पत्र मी याचसाठी लिहायला घेतलं. ते उपरणं धुऊ नका, त्यातला तुमचा वास राहू द्या. पुडक्यात बांधून अमळनेरच्या गाडीत कंडक्टरच्या हातात द्या, माझं नाव सांगा, बरोबर पोचेल.

ता. क. तिसरा. आत्ता सुलक्षणानं हे वाचलं आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "उपरनं काय बलावतस? मानुसले बलावा ना!" तर नाना, पुडकं बांधू नका. उपरणं खांद्यावर टाका आणि दुपारच्या गाडीनं या, तिन्हीसांजेच्या आत पोचाल. स्टँडवर मी उभा असेन. मशीन मी बंद करून ठेवलं आहे.